दुसरी सीडी

"राजगुरुनगरलाच असतात ना ते अजून?" जयदीपनं विचारलं तेव्हा तो पार्किंगची चिठ्ठी शोधत होता. वाकडच्या मॉलचं तळघर, त्याचा एक हात स्टिअरिंगवर, एक शर्टाच्या खिशात, मागच्या गाडीवाल्याचा हॉर्न, आणि मागच्या सीटवर आमची योगिनी पॉपकॉर्नच्या डब्यातले न फुटलेले दाणे दाढेखाली फोडत बसलेली. मी म्हटलं, "कोण?" "तुझे बाबा, अजून कोण," तो म्हणाला, आणि चिठ्ठी सापडली म्हणून खूश झाला. दांडा वर गेला. चढ चढून आम्ही रविवारच्या कलत्या दुपारच्या उन्हात आलो. डोळे दिपले ते बरंच झालं, कारण माझ्या चेहऱ्याचं त्या वेळी काय झालं होतं ते मला माहीत नव्हतं. माझ्या ह्या नवऱ्याला चहात साखर किती लागते, खोटं बोलताना तो कानाची पाळी कशी ओढतो, हे सगळं मला ठाऊक आहे. आत्ता तो कान ओढत नव्हता. सरळ समोर बघून, चिठ्ठी कुठं गेली एवढ्याच काळजीत तो हे बोलला होता.

विषय निघाला होता सिनेमावरून. बुल्लूचा चौथा भाग बघून आम्ही बाहेर पडलो होतो. बुल्लू म्हणजे पाणमांजराचं पिल्लू. नदीकाठच्या झाडाच्या ढोलीत तो, त्याची आई आणि एक बहिरं आजोबा-कासव राहतात. खाणारी तोंडं तीन आणि मांडलेले वाडगे चार. आई चौथा वाडगा मांडते, पुसते, आणि जेवणं झाली की तसाच कोरडा उचलून ठेवते. बुल्लू विचारतो, "हा कुणाचा?" की लगेच वादळ येतं, नाहीतर कासव घसरून पडतं, नाहीतर गाणं सुरू होतं. पहिल्या भागात असं, दुसऱ्यात असं, तिसऱ्यातही असंच. आमच्या पिढीची पोरं त्या वाडग्यावर वाढली म्हणायला हरकत नाही. चाकणला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये पोटं सुटलेले इंजिनिअर ओव्हरटाइमच्या चहावर अजून त्याच्यावर वाद घालतात. इतक्या वर्षांनी चौथा भाग आला आणि त्यांनी उत्तर देऊन टाकलं. बुल्लूचा बाप पुराच्या रात्री बांधाची फळी पाठीवर तोलून उभा राहिला होता, सगळं खोरं वाचलं आणि तो वाहून गेला. पिल्लाला दुःख नको म्हणून कुणी बोललं नाही. आख्खं थिएटर नाकं शिंकरत होतं. बाप होता, शूर होता, मेला होता, आणि कुणाचाच काही दोष नव्हता. इतकं स्वच्छ उत्तर ऐकून मला संताप आला. सरकत्या जिन्यावर मी जयदीपला म्हटलं, "बाप गेला की गेला. मागून त्याला शूर कशाला करायचं?" त्यानं योगिनीचा हात धरून तिला जिन्यावरून उतरवलं. बोलला तो चिठ्ठी शोधताना, हळू आवाजात, मला बरं वाटावं म्हणून.

माझे बाबा, भीमराज, चिखलीत केबल चालवायचे. जमिनीचे तुकडे प्लॉट पाडून विकले गेले तेव्हा गावातल्या भावकीत कुणी वीटभट्टी घातली, कुणी जीप घेतली, बाबांनी आणि रोहिदासकाकांनी गच्चीवर डिशची छत्री बसवली आणि घराघरांवरून वायरी ओढल्या. गच्चीवरच्या खोलीत मशिनं होती, गरम पत्र्याचा आणि धुळीचा वास होता, आणि एक चॅनेल आमचं स्वतःचं होतं. त्याच्यावर बाबा सीडी लावून सिनेमे दाखवायचे, खाली साडीच्या दुकानाची आणि पिठाच्या गिरणीची जाहिरात सरकत जायची. रविवारी जेवणाच्या वेळेला बुल्लू लागायचा. गावातल्या निम्म्या लोकांना त्यातलं ओ का ठो कळत नसणार, पण केबलवाल्याच्या पोरीला आवडतो म्हणून सगळी चिखली मुकाट्यानं पाणमांजर बघत जेवायची. ह्याचा मला केवढा माज होता! त्या वेळी एक सिनेमा दोन सीड्यांवर यायचा. पहिली संपली की पडदा निळा व्हायचा आणि कुणीतरी उठून दुसरी लावायची. पहिली सीडी बरोबर वाडग्यापाशी संपायची. बुल्लू विचारायचा, हा कुणाचा, आई तोंड उघडायची, आणि निळं. मी खालून ओरडायची, "बाबाऽ, दुसरी!" वरून आवाज यायचा, "लावतो." ज्या रविवारी बाबा गेले त्या रविवारीही त्यांनी पहिली सीडी लावली. ती संपली. मी ओरडले. वरून आवाज आला नाही. गावातले सगळे टीव्ही निळे होऊन बसले आणि घरातला फोन वाजायला लागला. वहिनी, दुसरी लावा की. आई दर फोनला सांगत होती, "लावतेत, लावतेत." मग तिनं रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि मला ताट वाढलं. मी निळ्या पडद्याकडे बघत पुरणपोळी खाल्ली. संध्याकाळपर्यंत ते निळं तसंच होतं, कारण मशीन बंद कसं करायचं ते आईला माहीत नव्हतं.

त्यानंतर आमच्या घरात प्रश्न विचारायची पद्धत राहिली नाही. आधी मी रोज विचारायचे. आई म्हणायची, कामाला गेलेत. काका म्हणायचे, येईल येईल. आजूबाजूच्या बाया मला जवळ घेऊन लाडू द्यायच्या, आणि लाडू हे उत्तर नसतं हे कळण्याइतकी मी मोठी होते. मग मी विचारणं सोडलं आणि पुरावे गोळा करायला लागले. आज कंपनीत माझं कामच ते आहे, पुरवठादारांकडे जायचं आणि जे ते सांगत नाहीत ते शोधायचं, पण तेव्हापासूनचीच ती सवय. आईच्या कपाळावर कुंकू आहे, हातात हिरव्या बांगड्या आहेत, म्हणजे बाबा जिवंत आहेत. पितरांच्या पंधरवड्यात आजोबांचं पान वाढलं जातं, बाबांचं नाही, म्हणजे जिवंत आहेत. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांच्या नावामागं श्री. छापलं होतं, कै. नव्हतं. कन्यादान मात्र काका-काकूंनी केलं. एवढ्यावर मी समाधान मानलं होतं. ते कुठंतरी आहेत. कधीतरी मी त्यांच्यासमोर उभी राहीन. का गेलात असं मी विचारणार नव्हते, त्याची उत्तरं लोकांकडे तयार असतात. मला एकच विचारायचं होतं, जायचंच होतं तर सीडी कशाला लावलीत? ह्या एका प्रश्नावर मी पंचवीसेक वर्षांचं आयुष्य काढलं, आणि लोक म्हणतात सिनेमे पोरांना बिघडवतात.

"तुला माहीत नव्हतं?" जयदीपनं गाडी कडेला घेतली होती. डांगे चौकाच्या अलीकडे, रसाच्या गाड्याजवळ. आता त्याचा हात कानाकडे गेला. "तनुजा, बैठकीतच सांगितलं होतं की. रोहिदासकाकांनी, सगळ्यांसमोर. आमच्याकडचे मामा, दादा, सगळे होते."

"काय सांगितलं?"

"हेच की, राजगुरुनगरला त्यांचं दुसरं घर आहे. मुलगा आहे एक. स्टँडजवळ दुकान आहे. काका म्हणाले, नंतर तुमच्या कानावर यायचं आणि बोल लागायचा, त्यापेक्षा आधीच सांगतो, मग सुपारी फोडा."

"आणि तू इतकी वर्षं…"

"मला वाटलं तुला बोलायचं नाहीये. मी म्हटलं, तिच्या दुखऱ्या जागेला आपण कशाला हात लावा."

मागून योगिनी म्हणाली, "पप्पा, कुणाला दुखतंय?" आणि मला हसू आलं. ती बैठक मला चांगली आठवते. काकांच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली होती, भोसरीहून पाहुणे आले होते, मूळचे लातूरकडचे, जपून बोलणारे. मी पोहे दिले, नमस्कार केला, आणि मला आत पाठवलं. मुलीनं आत जायचं आणि माणसांनी बोलायचं, अशी आमच्याकडची रीतच आहे. मी स्वयंपाकघरात बशा विसळत होते, बाहेर आवाज एकदम खाली गेले होते, आणि मला वाटलं देण्याघेण्याचं चाललंय. तिथं माझा बाप सतरंजीवर मांडून ठेवला होता, सोयरिकीच्या सगळ्या माणसांनी तो बघून घेतला, चालेल म्हणाले, सुपारी फोडली. लातूरच्या मामांना माझा बाप कुठं राहतो ते माहीत होतं. भिंतीपलीकडे मी चमचे पुसत होते. कुणाला लपवायचंही नव्हतं, हे तर आणखी वाईट. काकांना वाटलं आई सांगेल, आईला वाटलं असेल नवरा सांगेल, नवऱ्याला वाटलं हिला ठाऊकच आहे. सगळ्यांनी माझं मन राखलं. इतक्या लोकांनी मिळून राखलेल्या मनाचं मी आता काय करू!

आणि हा माणूस माझ्याबरोबर बुल्लू बघत होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात आम्ही तिन्ही भाग गादीवर पडून बघितले, वाडग्यावर गप्पा मारल्या. मी म्हटलं होतं, बाप मेला असणार. तो म्हणाला होता, "नाही गं, पलीकडच्या काठावर असेल, दुसऱ्या ढोलीत." मी खो खो हसले होते. पाणमांजराला कसली दुसरी ढोली! तेव्हा त्यानं माझ्याकडे फार प्रेमानं बघितलं होतं. त्या नजरेवर मी कितीतरी दिवस तरंगत होते. आज कळलं की तो मनात म्हणत असणार, काय धीराची आहे, कशी हसून घेते. ती नजर आता मी त्याला परत कशी करू, असं मला रसाच्या गाड्याजवळ बसून वाटत होतं. मी म्हटलं, "गाडी चिखलीला घे." तो म्हणाला, "आत्ता? रात्रीचं जेवण…" मी म्हटलं, "चिखलीला."

स्पाईन रोडवर रविवार असूनही ट्रक होते. मी खिडकीला डोकं टेकवून राजगुरुनगरचा स्टँड आठवत होते. मला तो पाठ आहे. तिकडे आमचा एक रबराचे भाग बनवणारा पुरवठादार आहे, त्याच्याकडे तपासणीला मी महिन्यातून कितीदा जाते. जाताना चाकण चौकात अडकायचं, मग स्टँडजवळ उतरून चहा प्यायचा, हे ठरलेलं. तिथं मोबाईलची दुकानं आहेत, झेरॉक्सचं आहे, भांड्यांचं आहे. ह्यातलं कुठलं? मी एकदा छत्री घेतली होती, ते होतं का? गल्ल्यावरचा म्हातारा सुटे पैसे नाहीत म्हणून कुरकुरला होता. पण तो ठेंगणा होता. बाबा उंच होते. की मी लहान होते म्हणून उंच होते? मी एकेक दुकान मनातल्या मनात उघडून बघत होते आणि प्रत्येकात एक माणूस पाठमोरा उभा होता. उद्या सोमवार. उद्या मी रजा टाकणार होते. दुकानासमोर जाऊन उभी राहणार होते. ओळख सांगणार नव्हते. म्हणणार होते, दुसरी सीडी आहे का? ते काय करतात ते मला बघायचं होतं. चूक कबूल केली नाही तरी चालेल, रडले नाहीत तरी चालेल, फक्त कळलं पाहिजे की त्यांना कळलं. इतक्या कडवटपणातही माझ्या पोटात लहान पोरीसारखा आनंद उसळत होता, त्याची मला लाज वाटली आणि तरी तो उसळत राहिला.

आमच्या जुन्या घराच्या जागी आता तीन मजली इमारत आहे. खाली काका, वर भाडेकरू, मधल्या मजल्यावर आई. नव्या गच्चीवर नेऊन ठेवलेली जुनी छत्री गंजून कबुतरांची झाली आहे. आई फरशीवर बसून मेथी निवडत होती. जयदीपनं योगिनीला आतल्या खोलीत टीव्हीपुढे बसवलं आणि स्वतः दारातच घुटमळत उभा राहिला. मी चप्पलही नीट काढली नाही.

"आई, बाबा राजगुरुनगरला असतात?"

तिनं मान वर केली. जयदीपकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"मला कोण सांगणार?"

"मला वाटलं जयदीपरावांनी सांगितलं आसंल. नवरा-बायकूत काय लपून ऱ्हातंय? तू कदी इचारलं न्हाईस. म्हणलं, कळलंय पोरीला, गप हाय, तर आपण कशाला उकरा."

"मी रोज विचारत होते, आई."

"तवा ल्हान व्हतीस," ती म्हणाली, आणि पुन्हा पानं खुडायला लागली, जणू लहानपणी विचारलेलं धरायचं नसतं. मी म्हटलं, "उद्या जाते मी तिकडे." तिचे हात थांबले. मेथीची एक काडी तिनं बोटांत बराच वेळ फिरवली. "जाऊन काय करशीला," ती म्हणाली. "वारलं ते."

"कधी?"

"झाली की दोन वरसं. तू आली व्हतीस ना त्या दिशी." आणि मग, मला आठवावं म्हणून तिनं आतल्या कपाटाकडे हनुवटी केली. "डोकं वाळवून दिलंस माजं. त्या मशिनीनं."

ते मशीन म्हणजे ड्रायर. योगिनीच्या केसांसाठी मीच आईकडे ठेवलेला. ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि ती कायम माझ्याजवळ होती ह्याचंच नवल वाटलं. मी कंपनीतून परस्पर योगिनीला न्यायला आले होते. दिवेलागण झाली होती आणि आई ओल्या केसांनी खिडकीत बसली होती, लुगड्याची पाठ भिजलेली. मी केवढी ओरडले होते तिच्यावर. ह्या वेळेला कोण न्हातं डोक्यावरून, दमा आहे ना तुला, मरायचंय का? तिला स्टुलावर बसवलं आणि बट बट उचलून केस वाळवले. ती डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, तिला गरम वाऱ्यानं बरं वाटतंय. मयताची खबर आली की डोक्यावरून पाणी घ्यायचं, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? काकांकडच्या, भावकीतल्या, असल्या आंघोळी करतच मी मोठी झाले. पण आपल्या आईच्या डोक्यातलं पाणी कुणाच्या नावाचं आहे हे विचारायचं मला सुचलं नाही. माझ्या बापाच्या नावाचं पाणी मी माझ्या हातानं वाळवून टाकलं, वर तिला आल्याचा चहा करून दिला. त्यानंतर तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या गेल्या. ती म्हणाली, हाताला आग होते. कुंकू गेलं. म्हणाली, कपाळाला डाग पडतोय. मी तिला चिंचवडला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला डाग दिसत नाही, तर मी त्याच्याशी भांडले, आणि गुलाबाच्या पाकळ्यांचं महागाचं कुंकू मागवून तिला दिलं. ती डबी अजून देवापुढे आहे, सील न फोडलेली. हाताच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. मला आरसा दिला असता तरी मी त्यात स्वतःचे केस नीट केले असते.

"तू गेली होतीस?" मी विचारलं.

"न्हाई. तितं त्यांची मान्सं. तुजं काका गेलं. मी आंघूळ केली, बांगड्या काढून ठिवल्या. मग सांज झाली तर तू आलीस."

"मग सांगायचंस ना मला! तेव्हाच सांगायचंस!"

आईनं मेथीच्या काड्या एका बाजूला लोटल्या. खालच्या रस्त्यावरून टेम्पो गेला. मग ती म्हणाली, "सांगनार व्हते. पन तू डोक्याला हात लावलास. लई वरसांनी कुणी लावला व्हता. म्हणलं, ऱ्हाऊ दे, वाळू दे आदी."

तिच्यावर रागवावं म्हणून मी आले होते. आता तो राग धरायलाही काही उरलं नाही. मी खाली बसले. मेथीचा वास येत होता. मी म्हटलं, "त्या दिवशी जायचंच होतं तर त्यांनी सीडी कशाला लावली?" हा प्रश्न पहिल्यांदाच तोंडाबाहेर पडत होता आणि बाहेर आल्यावर फार लहान वाटला. आई म्हणाली, "ते मला काय म्हाईत." मग ती आठवत राहिली, आणि मला नको होतं ते तिला आठवलं. "मागच्या जिन्यानं उतरत व्हते. पिशवी व्हती हातात. म्या म्हणलं, पोरगी बसलीया, दुसरी लावून मग जावा. व्हय म्हणले. लावतो म्हणले."

दारात जयदीप होता. त्याच्यामागे टीव्हीवर कसलंतरी गाणं लागलं होतं. लावतो म्हणले. म्हणजे आईनं त्यांना थांबवलं नव्हतं, हात धरला नव्हता, एवढंच मागितलं होतं, माझ्यासाठी, आणि त्यांनी हो म्हटलं होतं. बाकी सगळं मी माफ केलं असतं, असं मला तिथं बसल्या बसल्या वाटलं. त्यांना कुणी नदीच्या पुरात फळी धरून उभं राहायला सांगितलं नव्हतं. एक चकती काढून दुसरी घालायची होती. राजगुरुनगरची सगळी दुकानं माझ्या डोक्यात एकेक करून बंद झाली, आणि कुठल्याच दुकानातला पाठमोरा माणूस माझ्याकडे वळला नाही.

"आई, गिझर लाव," मी म्हटलं.

तिनं कशाला असं विचारलं नाही. उठली, बटण लावलं, आणि स्वतःचा पंचा आणून माझ्या खांद्यावर टाकला. मोरीत मी डोक्यावरून तांब्याभर पाणी घेतलं, मग आणखी एक. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. साबण लावला नाही. बाहेर आले तेव्हा अंधारायला लागलं होतं आणि केसांतून पाणी ठिबकून फरशी ओली होत होती. योगिनी टीव्हीपासून वळली. "मम्मा, संध्याकाळी का न्हालीस?"

आई माझ्याकडे बघत होती. जयदीप बघत होता. माझ्या तोंडात उत्तरं तयार होती, घाम आला होता, डोकं दुखत होतं. आमच्या घरात असल्या उत्तरांना तोटा नाही.

"माझे बाबा वारले," मी म्हटलं.

"कधी?"

"आत्ता."

ती तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिली. जयदीपनं कपाटातून ड्रायर काढला, वायर सोडवली आणि माझ्याजवळ आला. मी तो त्याच्या हातातून घेतला, वायर पुन्हा नीट गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिला. पाठ भिजत होती. मी भिजू दिली आणि आईशेजारी मेथी निवडायला बसले.